फुलातून येणारे टपाल

२०२४ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी वाचली. आय.सी.क्यू. ही सेवा २६ जूनला कायमची बंद होणार होती. मी पान उलटले. शेजारी बसलेल्या नातीने विचारले, "सबा, हे काय होते?" उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मग इकडच्या भाषेत म्हणतात तसा आसिमोन पडला. ठाण्याच्या दादाची आणि माझी पाच-सहा वर्षांची बोलणी त्यातून झाली होती!

वाचकहो, नाव आठवत नसेल तर आवाज आठवेल. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक पाकळ्यांचे फूल असे, आणि निरोप आला की "ओ-ओ" असा आवाज येई. ते फूल आपल्या इस्राएलमध्ये उमलले, हे आपल्या नातवंडांनाही सहसा ठाऊक नसते.

१९९६ साली तेल अवीवमध्ये आरिक वर्दी, याइर गोल्डफिंगर, सेफी विगिसर आणि अम्नोन आमिर या तरुणांनी मिराबिलिस नावाची कंपनी काढली. सुरुवातीचे पैसे आरिकचे वडील योसी वर्दी यांनी घातले. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चाले. माणूस घटकाभर जोडला जाई आणि पुन्हा तुटे. ई-मेल होते, पण ते पत्रासारखेच. टाकायचे आणि थांबायचे. समोरचा माणूस या घटकेला जोडलेला आहे की नाही, हे साध्या माणसाला कळायची सोय नव्हती. या मुलांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. तुमचा संगणक जोडला गेला की तो मधल्या मोठ्या संगणकाला वर्दी देई, आणि ज्यांच्या यादीत तुमचा नंबर आहे त्यांच्याकडे तुमचे फूल लाल होते ते हिरवे होई. मग लिहा आणि धाडा. नावातली तीन इंग्रजी अक्षरे भरभर म्हटली की "मी तुला शोधतो" असा अर्थ निघतो.

मिराबिलिस या लॅटिन शब्दाचा अर्थ आश्चर्यकारक. आपण मोबाईलला पेलेफोन म्हणतो, त्यातल्या "पेले"चा अर्थही आश्चर्यच. आणि गंमत अशी की कोकणात अंगणात फुलणाऱ्या गुलबक्षीचे शास्त्रीय नावसुद्धा मिराबिलिसनेच सुरू होते. ती संध्याकाळी उमलते. आमचे फूलही संध्याकाळीच उमले, कारण दिवसा सगळे कामावर.

जून १९९८ मध्ये अमेरिकेच्या ए.ओ.एल. कंपनीने हे सारे २८ कोटी ७० लाख डॉलरला विकत घेतले. सेवा फुकट होती, कमाई जवळजवळ नव्हती, पण वापरणारे सव्वा कोटीच्या घरात गेले होते. "कॉम्प्युटरसमोरून ऊठ" म्हणून पोरांच्या मागे लागणारे आईबाप त्या दिवसापासून जरा गप्प झाले!

आमच्या पिढीला याचे अप्रूप का वाटले, ते समजायला मागचे दिवस आठवले पाहिजेत. मी १९७१ साली आलिया केली तेव्हा घरची खुशाली निळ्या एरोग्रामवर येई. जागा संपली की आई कडेने उभ्या ओळी लिही, आणि उघडताना घाई केली तर नेमक्या त्याच ओळी फाटत. उत्तर येईपर्यंत महिना सहज जाई. तार आली की आधी हातपाय गार पडत. बातमी चांगली असली तरी. (भारतातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) फोन करायचा तर खिसाभर आसिमोन घेऊन बूथकडे जायचे, आणि भारताशी बोलण्याची गोष्टच वेगळी, तो खर्च परवडत नसे. पुढे कॅसेटी आल्या. मुंबईहून कोणी येणार असले की त्यांच्या सामानात एक कॅसेट असायचीच. आईचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, आणि मधेच "अरे, चालू आहे ना हे?"

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. १९९९ मध्ये माझ्या मुलाने घरी संगणक आणला. तिकडे पुतण्या दादाला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेई. दादा सांगे आणि पुतण्या टाइप करी. मराठी, पण रोमन अक्षरांत, कारण देवनागरी उमटवायची सोय आम्हा दोघांकडेही नव्हती. इकडे माझी मुलगी ते मोठ्याने वाचून दाखवी. तिला देवनागरी येत नाही, हिब्रू आणि इंग्रजी येते. रोमनमध्ये ट आणि त एकच. दादाने लिहिले होते, "वाट बघतो." मुलगी म्हणाली, "काका वात बघतात. कसली वात?" आमची ही त्यावर आठवडाभर हसत होती. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत आमचे फूल लाल होई, हे दादाला ठाऊक होते. त्याआधी तो "शब्बाथ शालोम" टाकून जाई.

आता त्या दिवशी काय उमगले ते सांगतो. ते निरोप राहत कुठे? तेव्हाच्या आय.सी.क्यू.मध्ये ते ज्याच्या त्याच्या संगणकातच साठत. आमचा संगणक २००६ मध्ये बिघडला आणि भंगारात गेला. म्हणजे दादाचे बोलणे २०२४ मध्ये नव्हे, तेव्हाच गेले होते. मला ते अठरा वर्षे कळलेसुद्धा नाही. आणि १९७१ चे एरोग्राम मात्र बिस्किटाच्या डब्यात जसेच्या तसे आहेत.

फुलाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात. २०१० मध्ये ए.ओ.एल.ने ते रशियातल्या एका कंपनीला १८ कोटी ७५ लाख डॉलरला विकले. लोक फेसबुकवर आणि फोनवर गेले. २००९ मध्ये यान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी व्हॉट्सअ‍ॅप काढले. हा कूम म्हणजे युक्रेनमधून आईबरोबर अमेरिकेत आलेला ज्यू मुलगा. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. त्या आकड्यापेक्षा मला ऑगस्ट २०१३ ची गोष्ट मोठी वाटते. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज धाडण्याची सोय झाली. दादाला टाइप करता येत नव्हते, माझ्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. आवाजाला दोन्हींची गरज नाही. दादा पुतण्याच्या मदतीशिवाय बोलू लागला.

पण व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपही राहतात ते फोनमध्येच. बॅकअप चालू नसेल आणि फोन हरवला किंवा बदलला, तर आमच्या त्या संगणकासारखीच गत. प्रत्येक संभाषणाला "एक्स्पोर्ट चॅट" असा पर्याय असतो. त्यात "मीडियासह" निवडले तर आवाजही बाहेर काढता येतात. मला ते जमले नाही. नातीने दहा मिनिटांत केले, आणि तेही नाक मुरडून.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचे त्रेचाळीस निरोप निघाले. ते आता एका बोटभर काडीत भरून त्याच बिस्किटाच्या डब्यात एरोग्रामांवर ठेवले आहेत. त्यातल्या एकात दादा काहीच बोलत नाही. चुकून बटण दाबले गेले असावे. रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, कावळे ओरडतात, आणि आतून वहिनी हाक मारते, "अहो, पान वाढलंय."