क्रोन रोग : संसर्ग व प्रतिरक्षा

पचनमार्गाच्या कोणत्याही भागात, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आणि उंडुकात होणारा दीर्घकालीन शोथ (दाहयुक्त सूज). शोथ आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरतो आणि दोन रोगट पट्ट्यांमध्ये निरोगी आतडे शिल्लक राहते. पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे व भगंदर ही प्रमुख लक्षणे. रोग काही काळ शमतो व पुन्हा उफाळतो. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची प्रतिरक्षा यंत्रणा आतड्यातल्या जंतूंवर अवाजवी हल्ला चढवते, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. या साऱ्याच्या मुळाशी एखादा विशिष्ट जंतू आहे काय, हा वाद मात्र शंभर वर्षांहून जुना आहे.

इतिहास : ग्लासगोचे शल्यचिकित्सक टॉमस केनेडी डॅलझील यांनी १९१३ मध्ये असे काही रुग्ण वर्णिले, की ज्यांचे आतडे क्षयाने ग्रासल्यासारखे दिसे, पण त्यात क्षयाचे जंतू सापडत नसत. गुरांच्या जोन्स रोगाशी असलेले साम्यही त्यांनीच दाखवले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला. रोगाला नाव मिळाले ते एकट्या क्रोन यांचे. डॅलझील यांच्या निरीक्षणाला त्याच्या योग्यतेचे श्रेय अजूनही मिळालेले नाही.

गुरांच्या जंतूचा प्रश्न : जोन्स रोगात गाईम्हशी व शेळ्यामेंढ्या महिनोन्‌महिने खंगतात. गाईम्हशींना न थांबणारी हगवण लागते, आतड्याचे अस्तर जाड होऊन त्याला वळ्या पडतात. या रोगाचा जंतू १८९५ मध्ये ड्रेस्डेनला योने व फ्रॉदिंगहॅम यांनी एका गाईच्या आतड्यात पाहिला. तो मायकोबॅक्टेरियम कुळातला, म्हणजे क्षय व कुष्ठाच्या जंतूंचा भाऊबंद. संक्षेपाने त्याला ‘मॅप’ म्हणतात. प्रयोगशाळेत तो वाढायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. १९८४ मध्ये रॉड्रिक कियोदिनी व सहकाऱ्यांनी क्रोन रुग्णांच्या काढलेल्या आतड्यातून तो वाढवून दाखवला आणि डॅलझील यांची शंका पुन्हा उभी राहिली. पुढे ब्रिटनमध्ये बाजारातल्या पाश्चरीकृत दुधाच्या काही नमुन्यांतही जिवंत मॅप आढळला.

विरुद्ध बाजूचा पुरावाही वजनदार आहे. ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांना क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन व क्लोफॅझिमिन ही औषधे अथवा निष्प्रभ गोळ्या दोन वर्षे देण्यात आल्या. २००७ च्या या अहवालानुसार १६ आठवड्यांपर्यंत औषधांचा फायदा दिसला, पुढे तो टिकला नाही. मात्रा अपुरी होती, असा मॅपवाद्यांचा आक्षेप आहे. शिवाय टीएनएफ हा प्रतिरक्षेतला रेणू रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी दबलेला क्षय उसळतो, पण क्रोनचा रुग्ण सुधारतो. मायकोबॅक्टेरियम हेच कारण असते, तर रोग बळावायला हवा होता. तरीही काही रुग्णांत मॅप सहभागी असण्याची शक्यता प्रस्तुत नोंदकाराला निकालात काढण्याजोगी वाटत नाही.

प्रतिरक्षा : २००१ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड-२ या जनुकाचा क्रोन रोगाशी संबंध दोन स्वतंत्र गटांनी दाखवला. पेशीच्या आत शिरलेल्या जंतूच्या भित्तिकेचा तुकडा ओळखणे, हे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे काम. म्हणजे दोष अतिरेकी प्रतिकाराइतकाच दुबळ्या पहिल्या फळीचाही असू शकतो. २००९ मध्ये चीनमधील कुष्ठरुग्णांच्या जनुकीय अभ्यासात याच नॉड-२ चा परिसर पुढे आला, ही बाब फार बोलकी आहे. युरोपीय रुग्णांत आढळणारी नॉड-२ ची प्रमुख उत्परिवर्तने भारतीयांत मात्र विरळ आहेत.

आतड्यातील प्रवाह : बेल्जियममधील लूव्हेन येथे पाच रुग्णांचे रोगट आतडे कापून जोड दिला आणि मल जोडापर्यंत न जाऊ देता पोटावरील छिद्रातून बाहेर वळवला. सहा महिन्यांनी जोडाजवळ रोग नव्हता. छिद्र बंद करून प्रवाह पूर्ववत केल्यावर पुढच्या सहा महिन्यांत रोग पाचही जणांत परतला (१९९१). शोथाचे इंधन आतड्यातूनच वाहते, हे सांगणारा हा थेट पुरावा आहे.

इतर जंतू : अस्तराला चिकटून आत शिरणारे एश्चेरिशिया कोलाय काही रुग्णांत जास्त, तर फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा उपकारक जंतू कमी आढळतो. गोवराचा विषाणू या रोगाला कारणीभूत असल्याचा दावा टिकला नाही.

धूम्रपान : रोग बळावतो.

भारतातील निदान : आतड्याचा क्षय व क्रोन रोग एकाच जागी होतात, लक्षणे सारखी, बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा (पेशींची गाठ). क्षयातील गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मध्यभागी चीजसारख्या मऊ झालेल्या असतात. क्रोनमध्ये त्या लहान, सुट्या व तशा मऊ न झालेल्या. पण बायोप्सीच्या इवल्याशा तुकड्यात ही खूण अनेकदा हाती लागत नाही, म्हणून संशय उरल्यास आधी क्षयाची औषधे सुरू करण्याची प्रथा आहे. त्यांनी क्रोनच्या रुग्णालाही तात्पुरते बरे वाटू शकते आणि खरे निदान लांबते. तोवर आतडे आकसत जाते. उलट, क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून केवळ ‘बरे वाटते’ यावर विसंबू नये. औषधे सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने तपासून व्रण भरल्याची खात्री करावी. व्रण तसेच असतील, तर निदानाचा फेरविचार व्हायलाच हवा.