इस्म, नाम आणि नाउन

निजामी अमदानीत परभणी जिल्ह्यातील मराठी मुलाला इंग्रजी व्याकरणाचा पहिला धडा, म्हणजे वाक्यातील नाम हुडकून त्याखाली रेघ ओढण्याचा धडा, ज्या वाटेने गिरवावा लागे ती वाट पुण्या-मुंबईच्या मुलाच्या वाटेहून फार निराळी होती. तिकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आदर्श पुढे ठेवून मराठीचे व्याकरण सिद्ध केले होते. पुढे मराठी शाळांत शब्दांच्या आठ जाती रूढ झाल्या, आणि इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला 'नाउन' म्हणजे आपले 'नाम' एवढे समजले की पुरे होई. इकडे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी 1865 मध्ये जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करून जिल्ह्यांवर अव्वल तालुकदार नेमले. दफ्तरातील फारसीची जागा 1884 च्या सुमारास उर्दूने घेतली. आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचा पुरस्कार करीत उभे राहिले तेव्हा इंग्रजी हा तेथे आवश्यक विषय ठरला. परिणामी घरी मराठी बोलणारा मुलगा माध्यमिक शाळेत बहुधा उर्दूतून इंग्रजी शिके.

उर्दू व्याकरण अरबी परंपरेला अनुसरून शब्दांचे तीनच वर्ग मानते : इस्म (नाम), फेल (क्रियापद) आणि हर्फ (अव्यय). यांतील इस्म आपल्या नामापेक्षा पुष्कळ ऐसपैस आहे. विशेषणही त्याच्याच पोटात 'इस्म-ए-सिफत' म्हणून नांदते. तेव्हा या परंपरेत वाढलेल्या मुलाने 'गुड बॉय' या दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली तर त्याला अडाणी ठरविणे अन्यायाचे होते, असे मला वाटते. कारण लॅटिनच्या छायेतील जुने इंग्रज वैयाकरणही विशेषणाला नामाचाच एक प्रकार समजत असत, आणि पाणिनीचे 'सुबन्त', म्हणजे विभक्तिप्रत्ययान्त पद, तरी या दोहोंत कोठे भिंत घालते?

परंतु एका बाबतीत या मुलाची शिदोरी तिकडच्या मुलापेक्षा सकस होती. एका शब्दापासून दुसरा कसा निपजतो, कर्त्याचे, भावाचे आणि स्थळाचे नाम कोणत्या साच्यातून निघते, हे अरबी शब्दघटनेत जितके उघड दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. ह, क, म ही तीन व्यंजने घ्यावीत : जो सुटतो तो हुकूम, जो सोडतो तो हाकीम, त्याची सत्ता ती हुकूमत आणि जेथून तो कारभार चालतो तो महकमा. हे सारे शब्द परभणीच्या कचेरीच्या ओसरीवर, वसूल-बाकीच्या तगाद्यात आणि वकिलाच्या बैठकीत रोज कानी पडत. संस्कृत जाणणाऱ्या घरात 'कृ' धातूपासून निघालेले कर्ता, कर्म, कार्य आणि कृती हेही परिचयाचे. असा मुलगा जेव्हा 'गव्हर्न'पासून 'गव्हर्नर' व 'गव्हर्नमेंट' होताना पाही, तेव्हा त्याला केवळ नवे प्रत्यय शिकावयाचे असत. प्रत्यय म्हणजे काय, हे शिकावयाचे नसे.

अडचण येई ती दुसरीकडे. मराठी नाम विभक्तीच्या प्रत्ययापूर्वी बहुधा आपले रूप पालटते; पाऊस 'पावसाला' होतो, घोडा 'घोड्याने' होतो, आणि या सामान्यरूपावरूनच त्याची जात पटते. इंग्रजी नाम मात्र असे काही सांगत नाही. 'इट रेन्स' यातील 'रेन्स' क्रियापद आणि 'द रेन्स' यातील नाम. अक्षरे तीच, 'एस'ही तोच, पण एकीकडे तो तृतीयपुरुषी एकवचनाचा आणि दुसरीकडे अनेकवचनाचा. शब्दाचा चेहरा न पाहता त्याची जागा पाहावयाची, मागे 'ए' किंवा 'द' उभा आहे काय हे पाहावयाचे, ही दृष्टी इस्मानेही दिली नव्हती आणि नामानेही. 1930 च्या दशकात आलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या सुप्रसिद्ध पुस्तकानेही आरंभ व्याख्येपासूनच केला. जागेचा विचार पुढे कोठेतरी येई.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, अव्वल तालुकदाराच्या खुर्चीवर कलेक्टर आला, शाळांचे माध्यम मराठी झाले आणि परभणीच्या मुलाला दादोबांच्या परंपरेतील आठ जाती मिळाल्या. मराठी मुलांना मराठीतून शिकता आले हे उत्तमच झाले, यात शंका नाही. मात्र उर्दू शाळांबाहेर इस्म आणि मसदर (क्रियेचे नाम) यांची ओळख बुजली, आणि 'कलेक्ट, कलेक्टर, कलेक्शन' ही मालिका 'तहसील, तहसीलदार, तहसीलदारी' या मालिकेशेजारी मांडून दाखविणारा शिक्षक विरळा झाला, वास्तविक तहसीलची कचेरी शाळेपासून हाकेच्या अंतरावर असताना.