पाणसळ

गवंड्याच्या पिशवीतली सगळ्यात शांत वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर मी पाणसळ म्हणेन. थापी वाजते, हातोडी वाजते, पाणसळ मात्र काही बोलत नाही. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की काम सपाट, नाहीतर कलते. अपील नाही.

या पाणसळीची चौकशी करायची वेळ आली ती माशांच्या टाकीमुळे. लातूरला मुलाच्या घरी नातवासाठी टाकी आणली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. गणिताच्या मास्तरचा हिशेब लगेच सुरू झाला. बारा घनफूट, घनफुटाला 28 लिटरच्या वर, म्हणजे काठोकाठ भरली तर जवळजवळ 340 लिटर. तेवढेच किलो वजन. काच, वाळू, दगड धरून चार क्विंटल. क्विंटल-क्विंटलाची चार पोती दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, तीही चार लोखंडी पायांवर!

बुडबुड्याची पाणसळ तशी अलीकडची. 1661 च्या सुमारास मेल्शिसेदेक थेवनो या फ्रेंच गृहस्थाने ती काढली. तिच्या नळीत पाण्याऐवजी बहुधा स्पिरिट असते, कारण ते थंडीत गोठत नाही. पण सपाटी पाण्याला विचारायची, ही रीत फार जुनी आहे. आणि मंडळी, ती गोष्ट आपल्या गोदाकाठाजवळून जाते.

प्राचीन सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेला एकच होते, ते म्हणजे गोदावरीकाठचे अश्मक. त्याची राजधानी पोतन म्हणजे आजचे बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. हे गाव नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, तेलंगणात आहे. आर्यभटाचा जन्म अश्मकात झाला, असे टीकाकार नीलकंठ सोमयाजी सांगतो. जन्मस्थळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, तो वाद इथे नको. पण सातव्या शतकातला पहिला भास्कर (लीलावती लिहिणारा तो दुसरा) आर्यभटाच्या ग्रंथाला ‘आश्मकतंत्र’ म्हणतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास ‘आर्यभटीय’ लिहिले. त्यातल्या गणितपादात अवघे 33 श्लोक. तेराव्या श्लोकात तो चार कामे सांगतो. वर्तुळ कर्कटकाने काढावे, त्रिकोण-चौकोन कर्णांच्या साहाय्याने साधावेत, जमीन सपाट आहे का ते पाण्याने पाहावे आणि उभी रेषा लंबकाने. पुढे शंकूची सावली मोजायची आहे, आणि जमीनच कलती असेल तर सावली चुकीची पडणार. आकाशाचे गणित मांडणाऱ्यालाही आधी पायाखालची जमीन तपासावी लागली! आपल्या गवंड्याचा ओळंबा आणि पाण्याची नळी ही त्याच श्लोकाची शेवटची दोन कामे करतात.

पाण्याने म्हणजे नेमके कसे, ते भास्कराने इ. स. 629 मधल्या भाष्यात उलगडले आहे. वारा नसताना, डोळ्याने किंवा दोरीने ढोबळ सपाट केलेल्या जमिनीवर तिवई ठेवायची. तिच्यावर पाण्याचा घडा, घड्याच्या बुडाला बारीक भोक. धार सतत पडू द्यायची. पाणी गोल पसरले तर जमीन सपाट. गोल सोडून जिथे साचेल तिथे खोलगट, जिथे पोचणार नाही तिथे उंच. झाले. इतका सोपा प्रयोग मी आयुष्यभर शाळेच्या अंगणात मुलांना दाखवू शकलो असतो, पण हे भाष्य निवृत्तीनंतर वाचनात आले.

भास्कराची तिवई तीन पायांची आहे. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतातच, चार पायांपैकी एक अधांतरी राहू शकतो. टाकीच्या स्टँडचे दुखणे नेमके हेच. टाकी सबंध एका बाजूला किंचित कलली तर पाणी तिरपे दिसते, त्या टोकाचा दाब थोडा वाढतो. पण स्टँडला पीळ बसला, म्हणजे तीन पाय टेकले आणि चौथा लोंबकळला, तर वरच्या काचेलाही पीळ बसतो. काच वाकत नाही. ती तडकते, किंवा सिलिकॉनचा जोड सुटतो.

आणि आपल्याकडची फरशी! घर बांधणारा गवंडी टाकी पाहायला आला, तेव्हा मी म्हटले, “अहो, फरशी कलती आहे तुमची.” तो हसून म्हणाला, “गुरुजी, तो ढाळ मुद्दाम दिलाय. धुतलेलं पाणी दाराकडं जायला नको का?” खरेच होते. शहाबादी फरशी धुऊन काढणाऱ्या घरात ढाळ हा गुण, टाकीसाठी तोच दोष.

मग त्याने रिकामा स्टँड आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर तपासला. पाणसळ उलटी फिरवून पुन्हा पाहिली. दोन्ही वेळा बुडबुडा तिथेच थांबला तर पाणसळ खरी. पाचर मारली ती स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली नव्हे. स्टँड आणि काच यांच्यामध्ये थर्माकोलचा पातळ ताव घातला, म्हणजे एखादा खडा काचेला टोचायला नको. चार बोटे पाणी भरून चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासूनचे अंतर मोजले. अर्धी टाकी भरून रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा मोजले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. इथे 340 लिटर पाणी फरशीवर सांडणे हा नुसता पसारा नव्हे.

पण सपाटी म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही याच मातीने शिकवले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जी घरे पडली, त्यांच्या भिंती काही साऱ्याच वाकड्या नव्हत्या. जाडजूड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, वर माळवदाचे जड ओझे. दगडाला दगड बांधलेला नव्हता. सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर दारा-खिडक्यांवरून भिंतीभर सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा, असे गवंड्यांना शिकवले गेले. वजन नीट पेलणे वेगळे आणि हादरा सोसणे वेगळे. 21 मार्च 2024 ला सकाळी नांदेड-हिंगोलीकडे धक्के बसले, तेव्हा मोठी हानी झाली नाही, पण भरलेली टाकी अशा वेळी हिंदकळतेच. म्हणून उंच स्टँड भिंतीला जखडावा आणि टाकी कुणाच्या उशाशी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असो. पाण्याला कुणी सपाट राहायला शिकवत नाही, ते राहतेच. वाकडेपणा असतो तो आपल्या फरशीचा, स्टँडचा, कधी नजरेचा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या गणितज्ञाने स्वतःच्या डोळ्यावर विश्वास न ठेवता पाण्याला साक्षीला बोलावले. शास्त्र याहून वेगळे काय असते?