डेटा फ्लो डायग्रामची कुळकथा

माहितीप्रणालीचे विश्लेषण आणि रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला डेटा फ्लो डायग्राम, म्हणजेच डीएफडी, काढावीच लागते. माहिती कुठून येते, तिच्यावर कोणती प्रक्रिया होते, ती कुठे साठवली जाते आणि कोणाकडे जाते, हे या आकृतीतून दिसते.

तिचे मूळ फ्लोचार्टच्या घराण्यात आहे. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या पायऱ्या चिन्हांनी दाखवणारा तक्ता मांडला. १९४७ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या प्रोग्रॅमची आखणी आकृत्यांनी केली. दोन्हींचा भर क्रमावर होता. १९५१ मध्ये लंडनच्या लायन्स कंपनीने ‘लिओ’ हा संगणक कार्यालयीन हिशेबाला जुंपला. असा वापर वाढला तशी नवी गरज उभी राहिली : प्रोग्रॅम लिहिण्याआधी कार्यालयाचे काम समजून घेण्याची.

क्रमाऐवजी माहितीच्या प्रवाहावर लक्ष देणारी आकृती १९७४ मध्ये वेन स्टीव्हन्स, ग्लेनफर्ड मायर्स आणि लॅरी कॉन्स्टंटाइन यांच्या संरचित रचनेवरील लेखाने पुढे आणली. टॉम डीमार्को यांच्या १९७८ च्या पुस्तकाने आणि त्याच सुमारास ख्रिस गेन व ट्रिश सार्सन यांच्या पुस्तकाने तिला विश्लेषणाचे साधन बनवले. डीमार्को प्रक्रियेसाठी वर्तुळ वापरतात; गेन-सार्सन गोलसर कोपऱ्यांचा चौकोन.

विद्यापीठांत तिच्यासाठी जागा तयारच होती. अमेरिकेच्या एसीएम या संस्थेने माहितीप्रणालीचे पदव्युत्तर आणि पदवी अभ्यासक्रम अनुक्रमे १९७२ आणि १९७३ मध्ये सुचवले होते. भारतात १९८० च्या दशकात एमसीए अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे प्रा. व्ही. राजारामन यांनी या विषयावर पाठ्यपुस्तकही लिहिले.

शिकवण्याची रीत ठरलेली आहे. ग्रंथालयाची देवघेव घेतली, तर आधी संदर्भ-आकृती काढतात : मध्ये संपूर्ण प्रणाली, बाहेर वाचक आणि पुस्तकविक्रेता. मग त्या एका प्रक्रियेची फोड करत खालच्या पातळ्यांवर जातात. वरच्या पातळीवर आत-बाहेर जाणारे प्रवाह खालीही तेच राहिले पाहिजेत. वाचकाची नोंद प्रक्रियेतून न जाता थेट साठ्यात पोचली, तर आकृती चूक. प्रक्रियेत माहिती जाते पण बाहेर काहीच येत नाही, किंवा काहीच न जाता माहिती बाहेर येते, याही नेहमीच्या चुका.

१९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या यूएमएल या आकृतिभाषेत डीएफडीला स्थान नाही. तरी अध्यापनात तिचे मोल टिकून आहे. ती काढताना विद्यार्थ्याला संगणक बाजूला ठेवून काम करणाऱ्या माणसाला प्रश्न विचारावे लागतात, आणि आकृतीत सुटलेला बाण न विचारलेला प्रश्न दाखवून देतो. प्रणाली-विश्लेषणाचा पाया घालायला याहून सोपे साधन क्वचितच सापडेल.