परळची एक संध्याकाळ

मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या मुळाशी स्वाभिमानाची एक गोष्ट आहे. रुग्णालय १९२६ साली उघडले. त्याला जोडलेल्या वैद्यक महाविद्यालयासाठी ज्यांनी पैसा दिला, त्यांनी अट घातली होती, की येथे शिकवणारे सारे हिंदी लोकच असावेत. परक्या सत्तेच्या काळात ही अट घालायला छाती लागली असेल. अशा वास्तूच्या तळघरात पुढे जे घडले, ते म्हणूनच मनाला अधिक लागते.

अरुणा शानभाग ही उत्तर कन्नडमधील हळदीपूरची मुलगी. १९४८ सालचा तिचा जन्म. परिचारिका होऊन ती मुंबईस आली आणि के. ई. एम.मध्ये नोकरीस लागली. शस्त्रक्रियेचे प्रयोग ज्या कुत्र्यांवर होत, त्यांच्या विभागात तिची नेमणूक होती. त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरांशी तिचे लग्न ठरलेले होते. तेथला एक सफाई कामगार कामात कुचराई करी, म्हणून ती त्याला बोलत असे, असे मागाहून सांगितले गेले. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी पाळी संपल्यावर ती कपडे बदलायला तळघरात गेली. तेथे त्या माणसाने तिला गाठले. कुत्रे बांधण्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळून त्याने तिच्यावर अत्याचार केला. ती सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने तिची दृष्टी, वाणी आणि हालचाल गेली होती. वय होते पंचवीस.

रात्रभर एक मुलगी कामाच्या जागी पडून होती आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही, ही गोष्ट मला त्या माणसाच्या क्रौर्याइतकीच भयंकर वाटते. क्रूर माणसे सर्वत्र असतात. पण पाळी संपलेली परिचारिका इमारतीबाहेर पडली की नाही, हे पाहणे कोणाचेच काम नव्हते.

खटला झाला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात आलाच नाही. मुलीची अब्रू जपावी असा हेतू होता, असे म्हणतात. सात सात वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या आणि त्या एकदमच भोगायच्या होत्या. आरोपी सुटून आपल्या वाटेने गेला. अब्रू राखण्यासाठी गुन्ह्याचे नाव झाकले आणि त्याबरोबर गुन्हाही लहान झाला.

मुंबईच्या परिचारिका मात्र गप्प बसल्या नाहीत. अरुणेला संरक्षण मिळावे आणि आपल्या कामाची परिस्थिती सुधारावी, म्हणून त्यांनी संप केला. पुढे १९८० नंतरच्या काळात खाट मोकळी करण्यासाठी तिला अन्यत्र हलवण्याचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा त्या पुन्हा आडव्या उभ्या राहिल्या. चौथ्या क्रमांकाच्या कक्षात त्यांनी तिला बेचाळीस वर्षे सांभाळले. ज्या मुलींचा जन्मही १९७३ साली झाला नव्हता, त्यांनी तिला न्हाऊ घातले, भरवले. तिला दयामरण द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार या रुग्णालयातील माणसांचाच आहे, असे म्हटले. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने ती गेली.

या सेवेपुढे कोणीही हात जोडील. तरी मनात येते, की एवढ्या मायेतला थोडासा भाग त्या संध्याकाळच्या आधी दिवा, सोबत आणि पहारा होऊन त्या तळघरात उतरला असता, तर?

कायद्याला हा प्रश्न पडायला आणखी बरीच वर्षे गेली आणि तो पडला तो एका खेडेगावातून. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करी. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचा विवाह थांबवण्याची खटपट केली. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. तेथून १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. कामाच्या जागी स्त्रीला त्रास होऊ नये हे पाहणे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्याने प्रथम स्पष्ट केले. त्यावरून २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, एक सदस्य बाहेरचा हवा, चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० सालीच निराळा कायदा केला होता. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि तरीही ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक तरुण डॉक्टर सभागृहात मृतावस्थेत सापडली. तिच्यावर बलात्कार करून तिला मारले होते. छत्तीस तासांच्या पाळीत घटकाभर पाठ टेकायला ती तेथे गेली होती. डॉक्टरांना विसाव्याची धड खोली नसते, हे मग सर्वोच्च न्यायालयाला बोलून दाखवावे लागले. १९७३ साली कपडे बदलायची जागा, २०२४ साली विसाव्याची! मधल्या एक्कावन्न वर्षांत कायद्याची पाने वाढली.

हे लिहिताना माझी मान ताठ राहत नाही. मी शिक्षिका आहे. शाळेच्या समितीत माझे नाव आहे. तसा फलकही आहे, मात्र कपाटाने तो निम्मा झाकला आहे. मागल्या पावसाळ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “बाई, मागच्या न्हाणीघराची कडी तुटलीया. सांजच्याला भ्या वाटतं.” मी म्हटले, “सांगते हं मोठ्या सरांना.” पेपर तपासायचे होते, कादंबरीचे एक प्रकरण अडले होते. मी विसरले. तीन आठवडे त्या बाई संध्याकाळी दाराला बादली लावून आत जात होत्या, हे मला फार उशिरा कळले.

काही झाले नाही. ‘काही झाले नाही’ या तीन शब्दांवर आपल्या किती शाळा, कचेऱ्या आणि रुग्णालये उभी आहेत! परळचे ते तळघरही २६ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत याच शब्दांवर उभे होते.

कडी मी स्वतःच विकत आणली. सुतार येईपर्यंत तेथे थांबले. मग कपाट बाजूला सरकवायला शिपायाला हाक मारली.