कोळशाचा स्तंभ आणि दोन नद्या

देहूरोड हे लष्करी छावणीचे गाव. त्याच्या उत्तरेस इंद्रायणी वाहते, दक्षिणेस पवना. इंद्रायणीच्या काठी देहू व आळंदी ही क्षेत्रे, तर पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. ह्याच टापूत १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे औद्योगिक वसाहती वाढत वाढत चाकणपर्यंत गेल्या आणि त्यांच्यामागोमाग सांडपाणीही आले. आळंदीस इंद्रायणीवर अलीकडे वारंवार फेस तरंगताना दिसतो. असे पाणी शुद्ध करण्याच्या उपायांपैकी एकाचे गणित मात्र रणांगणाच्या गरजेतून जन्मास आले.

कोळशाचा गुण जुनाच. तो वायू धरून ठेवतो, हे शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये पाहिले; तो द्रवाचा रंग काढतो, हे लोविट्झने १७८५ मध्ये दाखविले. पुढे साखरेच्या कारखान्यांत हाडांच्या कोळशाने रस निवळू लागले. ह्या क्रियेस अधिशोषण म्हणतात. पदार्थ कोळशाच्या पृष्ठभागास चिकटून राहतो; आणि एका ग्रॅम सक्रिय कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो!

परंतु हा कोळसा किती वेळ पुरेल? २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तेव्हा हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. कोळशाचे मुखवटे आले. आणि बोहार्ट व ॲडम्स ह्या दोघांनी कोळशाच्या थरातून जाणाऱ्या क्लोरीनचे गणित १९२० साली प्रसिद्ध केले. सांडपाण्याच्या स्तंभांची आखणी आजही त्या गणिताच्या आधारे होते.

स्तंभातील कोळसा सर्वत्र एकदम थकत नाही. पाणी वरून येत असेल, तर वरचा थर आधी भरतो आणि काम करणारा पट्टा हळूहळू खाली सरकतो. तो तळाशी पोहोचेपर्यंत बाहेरचे पाणी निर्मळच दिसते. त्यानंतर मात्र घाण सुटू लागते. समजा, ह्या पट्ट्यापायी ३० सेंटिमीटर उंची हिशेबातून वजा जाते. मग ६० सेंटिमीटरच्या स्तंभात ३० उपयोगी पडतात, तर १२० च्या स्तंभात ९०. उंची दुप्पट, आयुष्य तिप्पट! प्रवाह वेगाने सोडला किंवा पाण्यातील घाण वाढली, की हेच आयुष्य घटते.

म्हणून दोन स्तंभ एकापुढे एक ठेवतात. पहिला थकला की तो काढून दुसरा पुढे आणावयाचा आणि त्याच्या मागे ताजा जोडावयाचा. गाळ आधी काढलाच पाहिजे, नाहीतर छिद्रे बुजतात. रंग, फिनॉल, दुर्गंध ह्यांवर कोळसा गुणकारी आहे. विरघळलेल्या क्षारांपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

१९६९ चा महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, त्याअन्वये १९७० साली स्थापन झालेले मंडळ आणि १९७४ चा केंद्रीय कायदा, असे निर्बंधांचे पाठबळ ह्या कामास लाभले. तथापि कोळसा बदलण्याची वेळ कायदा साधू शकत नाही. ती कारखान्यातील माणसानेच साधावयाची असते. सैनिकाचा मुखवटा थकला, तर त्याचा श्वास त्याला तत्काळ सांगे. स्तंभ थकला, तर ते प्रथम कळते खालच्या गावाला. पाणी निर्मळ दिसत असतानाच कोळसा बदलणे, हेच ह्या शास्त्राचे सार होय.