न भाजलेला रांजण

आहुप्याच्या डोंगरात उगम पावणारी घोडनदी आंबेगावातून उतरत खाली शिरूर तालुक्यात इनामगावाशी येते. तिथे १९६८ पासून पुढे अनेक हंगाम डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या संशोधकांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती.

तिथे लहान मुलांना भाजलेल्या दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठी माणसे खड्ड्यात, डोके उत्तरेला. आणि पावले घोट्यापासून तोडलेली! पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात निराळेच निघाले: चार पायांचा मातीचा रांजण, आत मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष. पावले शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क आहे.

आता नवल पाहा. हा रांजण भाजलेलाच नाही! कुठल्याही कुंभाराला विचारा, कच्चे भांडे सावलीत, सबुरीने सुकवावे लागते. घाई केली की तडकते. पाणी लागले की पुन्हा चिखल. बरे, इनामगावकरांना भट्टी ठाऊक नव्हती म्हणावे, तर तीही तिथेच सापडली. मग एवढ्या मानाच्या माणसाचे भांडे कच्चे का ठेवले? मला वाटते, मातीतले मातीत मिळावे, हाच हेतू असावा. तिथल्याच एका घरात जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती मिळाली. तीही कच्चीच.